मेडल घासून आणा

हा अंक रिटायर लोकाईच्या आठवणीचा, पण मी काही रिटायर नाई झाली. सत्तावीस वर्षाची आहो, नववी नापास, अन् वाडीले गजूभाऊच्या ऑनलाईन फॉर्मच्या दुकानात सहा वर्षांपासून बसून राहिली. या अंकवाल्या मॅडम आमच्याकडे झेरॉक्सले येतात. त्या म्हणाल्या, "दीपा, दिवसभर किस्से सांगत राहते, एखांदा लिहून दे नं." म्या म्हटलं, मॅडम, मी लोकाईचं लिहिते, माहं सोताचं कधी लिहिलं नाई. त्या म्हणाल्या, जशी बोलते तशी लिही. तं जशी बोलते तशी लिहून राहिली. मधात दम लागला तं तुम्ही पण थांबजा.

दुकान म्हणजे केवढं, तं रस्त्यावरून ट्रक गेला का टेबल हालते एवढं. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, एक अंगठ्याची मशीन, अन् टेबलाखाली कागदाच्या रिमांचा मोठा खोका. त्या खोक्यात तवा माही तान्ही पोरगी, चिऊ. माहा नवरा ट्रान्सपोर्टच्या गाडीवर, आठ-आठ दिवस बाहेर, पोरगी ठेवू कोणापाशी? गजूभाऊ पहिले म्हणाला, "दुकान आहे का पाळणाघर आहे हे?" मंग दोन दिवसांनी त्यानंच खोक्याले पुठ्ठा लावून दिला, का कोपरे टोचू नाई म्हणून.

आता काम काय, तं लोकाईजवळ कागद राहते अन् सरकारले तोच कागद पाहिजे राहते, पण मधात कॉम्प्युटर आहे. त्या मधातल्या जागेवर मी बसते. मले सगळ्याचं भेव लागे. सगळ्यात जास्त त्या सबमिटच्या बटणाचं. एकदा दाबलं का कागद दिल्लीले जाते अन् दिल्ली वापस देत नाई. म्हणून मी दाबायच्या पहिले तीनदा वाचते, एकदा चिऊकडं पाहते, मंग डोळे मिटून दाबते. गजूभाऊ म्हणते, "बॉम्ब फोडून राहिली का वं?"

गिऱ्हाईक तं असे असे येतात! एक आजी जिवंत असल्याचा दाखला काढायले दोन साक्षीदार घेऊन आली. म्या म्हटलं, आजी, साक्षीदार कायले, तुम्ही तं बसल्याच आहात समोर. ती म्हणे, "बाई, मी सांगतलं तं माहा पोरगा पण मानत नाई, सरकार कसं मानन?"

अन् हमालाईचे अंगठे. ते आता नीट आयका, कारण पुढचा सारा घोटाळा तिथूनच झाला. आमच्याकडं गोदामं किती, हमाल किती. पोते उचलू उचलू त्याईच्या अंगठ्याच्या रेषाच झिजून जातात. मशीनवर अंगठा ठेवला का लाल लाईट. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. एक जण मले म्हणे, "ताई, देवाशप्पथ माहाच अंगठा आहे." म्या एक औषध काढलं. साबणानं घासून हात धुवा, खोबऱ्याचं तेल चोळा, पुसा, मंग ठेवा. दहातले सात हिरवे होतात. तेव्हापासून माह्या तोंडात एकच, मशीनले दिसलं नाई का "घासून आणा". मले वाटे का हुशारी म्हणतात ते हेच.

तं मागच्या साली उन्हाळ्यात देवाजी आबाजी आले. पारशिवनीच्या पुढचं त्याईचं खेडं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वाडीले लेकीकडं राहून राहिले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, कडक इस्तरीचा सदरा, अन् मागं त्याईची घरवाली, आजी. आबाजीनं पिशवीतून एक जुनी खाकी वही काढली अन् टेबलावर अशी ठेवली का जशी पोथी ठेवून राहिले.

"पोरी, यात एक पान चुकलं आहे. ते दुरुस्त कर."

ती फौजेतून सुटतानी भेटते ती वही, डिस्चार्ज बुक म्हणतात तिले. भरती कधी, सुट्टी किती, कुठं कुठं नोकरी, सारं त्यात. एका पानावर मेडलचा रकाना. आबाजीच्या वहीत तिथं एक आडवी रेघ. म्हणजे काहीच नाई.

"अन् भेटले किती?" म्या विचारलं.

"तीन. एकाहत्तरच्या लढाईचे दोन, अन् एक त्याच टायमाचं, सरहद्दीवर नोकरीचं."

"मंग एवढे साल काहून नाई बोलले आबाजी?"

आजी मधातच बोलली, "पेन्शन टायमावर येत होती बाई. पेन्शन आली का बुढा वही पाहते कायले?"

झालं असं का गावच्या ग्रामपंचायतीसमोर फौजी लोकाईच्या नावाचा फलक लागणार होता, त्याच साली सव्वीस जानेवारीले. त्यात दोन रांगा. एक, ज्यानं फौजेत नोकरी केली. दुसरी, जो लढाईत होता. ग्रामसेवकानं वहीची झेरॉक्स मागितली, पाहतो तं रेघ. त्यानं बिचाऱ्यानं नाव पहिल्या रांगेत टाकलं. अन् मंग पानठेल्यावर गोष्ट गेली. पानठेल्यावर गेली म्हणजे सारीकडं गेली.

आबाजी फौजेत रसोइया होते. लंगरमध्ये रोट्या करत जाय. तं पोट्टे म्हणत, "काय आबाजी, झारा घेऊन लढले का?" ते तरी हसून घेत. पण एक जण म्हणाला, मेडल काय, बाजारात पण विकत भेटते. तवापासून आबाजीनं मेडल लावणं सोडलं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीले दर साली सदऱ्यावर लावून शाळेत जात होते, त्या सव्वीस जानेवारीले गेलेच नाई. हे आजीनं सांगतलं. आबाजी भिंतीवरच्या रेटबोर्डाकडं पाहत होते.

मंग ते हळू बोलले. "पोरी, आयक. मले बहादुरीचं नाई पाहिजे. ते मेडल बहादुरीचं नाईच. जो तिथं होता त्याले भेटलं. रोट्या थंड होऊ नाई म्हणून मी पोटाले बांधून मोर्च्यावर, पुढच्या खंदकात, नेत जाय, हे पाह्य, चटका आहे अजून. मी तिथं होतो. एवढं लिहायचं आहे बस."

गजूभाऊची ताकीद होती का फौजेचं झंझट घ्यायचं नाई, राशन कार्ड, पॅन कार्ड, परीक्षेचे फॉर्म, बस. म्या गजूभाऊकडं पाह्यलं. गजूभाऊ चटक्याकडं पाहून राहिला होता. म्हणाला, "घे. पण डोळे मिटून दाबू नको."

अर्ज लिहिला. चार दिवस लागले. दोनच मेडल होते, तिसरं, लढाईचं मेन मेडल, घरातच कुठं हरवलं म्हणून आबाजी म्हणाले. आजी तेव्हा खाली वाकून चिऊले गुदगुल्या करत राहिली. आता मले समजते का काहून.

दोन मेडलचे फोटो काढले मोबाईलवर. काळपट आले. कडेवर मले बारीक बारीक काहीतरी खरवडल्यासारखं दिसलं, म्हटलं मळ आहे. अन् माह्या तोंडून निघालं, "आजी, घासून आणा नं. चमकले का फोटो मस्त येते."

आजीले काय, ती तं खूश. खंडेनवमीले घरातले विळे, कोयता, नांगराचा फाळ घासून पूजेत मांडते तसे हे मेडल पण पन्नास साल ती चिंच अन् राख लावून घासत आली. त्या दिवशी लेकीच्या घरी तारेची घासणी भेटली तिले. दुसऱ्या दिवशी आणले तं असे लखलख, का चिऊनं खोक्यातून हात काढून एक ओढलं अन् सरळ तोंडात टाकलं. आबाजी हसले, "खा, खा. पन्नास साल आमी पण त्याच्यावरच जगलो."

फोटो काढले, अर्ज पाठवला, रजिस्टर पोस्टानं पण पाठवला. मी घरी जाऊन नवऱ्याले फोनवर सांगतलं, आज म्या फौजेले चिठ्ठी लिहिली.

पावसाळा अर्धा झाला, पोळा जवळ आला, तवा उत्तर आलं. एक कागद, त्यात दोन ओळी इंग्लिश. गजूभाऊले पण नाई समजलं. खाली फोन नंबर होता. म्या देवाचं नाव घेतलं अन् लावला. तिकडून एक साहेब हिंदीत बोलले, आवाज जाडा पण माणूस चांगला. म्या एका दमात सारं सांगतलं, रसोइया, फलक, रोट्या, चिऊ पण सांगतली.

"बेटी, साँस लो," ते म्हणाले. मंग त्याईनं समजावलं. फौजेत मेडल भेटलं का त्याचा एक ऑर्डर निघते, तो ऑर्डर वहीत चढते. आबाजीच्या पलटणीत तो ऑर्डर नाई. "लड़ाई में वो कहीं और अटैच थे क्या?"

आबाजी बाजूलेच बसले होते. म्हणाले, "व्हय. दुसऱ्या पलटणीचा रसोइया बिमार पडला, तं तीन महिने मले तिकडं देल्लं होतं."

"तो ऑर्डर उधर निकला होगा," साहेब म्हणाले. "देखो, मेडल के किनारे पे जवान का नंबर और नाम खुदा रहता है। उसका साफ फोटो भेजो। नंबर मिल गया तो हम उधर का कागज़ खोल लेंगे।"

किनारे पे. म्या फोन ठेवला. ते खरवडल्यासारखं दिसलं होतं, तो मळ नव्हता. तो नंबर होता.

मेडल काढले. कड गुळगुळीत. नवीन वाटीच्या काठावानी. झेरॉक्सच्या काचेवर ठेवून पाह्यलं, मोठं करून पाह्यलं, गजूभाऊनं भिंगातून पाह्यलं. एका जागी अर्धा चार का अर्धा नऊ, एवढंच. हमालाचा अंगठा घासल्यावर उमटते, अन् मेडल घासल्यावर पुसून जाते, हे मले काहून नाई सुचलं? पन्नास साल आजीनं घासलं, तरी जे उलीसं राहिलं होतं ते म्या एका दिवसात घालवलं.

मी रडली. खरं सांगते, गिऱ्हाईकासमोर रडली. चिऊ पण मले पाहून रडली. म्या आबाजीचे पाय धरले, म्हटलं, म्या सांगतलं घासायले, माहीच चूक. आबाजी उठले, वही पिशवीत टाकली. रागावले असते तं बरं झालं असतं. ते म्हणाले, "जाऊ दे पोरी. पहिल्या रांगेत तं आहे नाव." अन् निघून गेले. आजी त्याईच्या मागं गेली, पण जातानी तिनं मले असं पाह्यलं का जसं तिलेच काही सांगायचं होतं.

आठ दिवस त्याईच्यातलं कोणी आलं नाई. मी फॉर्म भरत राहिली पण मन लागे नाई. पोळा झाला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, लहान पोट्टे लाकडाचे बैल सजवून रस्त्यावर ओढून राहिले होते, दुकान बंद करायच्या टायमाले आजी एकटीच आली. डोक्यावर पदर, काखेत गोणपाटाची पिशवी, धापा टाकून राहिली. सकाळच्या एसटीनं गावाले जाऊन वापस आली होती.

"गजूभाऊ आहे का?"

"आहे नं."

"त्याले बाहेर पाठव."

गजूभाऊ गपचूप चहा प्यायले गेला. आजीनं पिशवीतून लाकडाचा बैल काढला. हातभर उंच, चाकं लावलेले, एक शिंग तुटकं. "नातीचा आहे. ती आता कॉलेजले आहे. चिऊले आणला." म्या म्हटलं, आजी, केवढा सुंदर आहे. ती म्हणे, "सुंदर मरू दे. कपाळ पाह्य."

बैलाच्या कपाळावर बेगड लावलेली होती अन् बेगडीखाली पिवळ्या रंगानं माखलेलं एक गोल. आजीनं बेगड नखानं उचकटली. दोन चुका, बारीक खिळे, वाकवून ठोकलेलं मेडल.

"बुढ्ढ्याले सांगू नको वं," आजी म्हणाली, अन् मंग पाण्यासारखी बोलत सुटली. नात सहा वर्षाची होती, तान्ह्या पोळ्याले बैल सजवायची स्पर्धा होती, बाकी पोट्ट्याईच्या बैलाले आरशे होते, झालर होती, अन् हिच्या बैलाले काहीच नाई, पोरगी रडून राहिली, आबाजी वावरात गेले होते. आजीनं पेटीतून एक मेडल काढलं अन् ठोकलं. नातीनं त्याच्यावर पोस्टरचा पिवळा रंग फासला, का सोन्याचं दिसलं पाहिजे. पहिला नंबर आला, कंपासपेटी भेटली. मंग मेडल निघेच नाई, जोर केला तं शिंगच तुटलं. आजीनं बैल माळ्यावर टाकला अन् सांगतलं का मेडल हरवलं.

"तेरा साल झाले बाई. दर खंडेनवमीले बुढा विचारते, तिसरं कुठं गेलं असन वं? अन् मी म्हणते, देव जाणे."

म्हणजे पाह्यलं का तुम्ही? तेरा साल त्या मेडलले ना चिंच लागली, ना राख.

म्या गजूभाऊले आवाज देल्ला. चुका काढायले पक्कड त्यानंच आणली. मेडल हातात आलं, कडेवर नुसता पिवळा रंग. गजूभाऊ म्हणे, घास नं थोडं. म्या असं वरडली त्याच्यावर का तो मागंच सरकला. चिऊचं अंग पुसायचा मऊ फडका घेतला, त्याचं टोक पाण्यात भिजवलं, अन् जसा तिचा कान पुसते तसं पुसलं, जोर न लावता. वरचा रंग फडक्याले आला. पण खोदलेल्या अक्षरात जो गेला होता तो तिथंच राहिला. अन् कडेवर पिवळा पिवळा नंबर उभा राहिला. नंबर, मंग नाव, मंग पलटण. शेवटचे आकडे म्या बोट न लावता मोठ्यानं वाचले. आजीले वाचता येत नाई, पण तो नंबर तिले पाठ होता, पेन्शनच्या कागदावरचा. ती माह्यासंग बोलत गेली.

आता अडचण अशी का नवीन अर्जावर आबाजीची सही पाहिजे. सांगावं तं लागणारच. दुसऱ्या दिवशी लेकीनं त्याईले दुकानात आणलं. म्या बैल टेबलावर ठेवला, मेडल त्याच्यासमोर, अन् एवढंच म्हटलं, पोळ्याच्या स्पर्धेत हे त्याच्या कपाळावर होतं. आजी दाराजवळ, चप्पल घालूनच उभी, का वेळ पडली तं पळता येईन.

आबाजीनं बैल पाह्यला. मेडल उचललं. कपाळावरच्या दोन भोकाईत बोट फिरवलं. मंग आजीकडं मान वळवली.

"नंबर कितवा आला होता बैलाचा?"

"पहिला," आजी म्हणाली.

"मंग ठीक आहे," आबाजी म्हणाले. "त्याले तरी कोणी विचारलं नाई का बाजारातून आणलं का म्हणून."

गजूभाऊ एवढा हसला का त्याच्या हातातला चहा झेरॉक्सवर सांडला. ते मशीन आजही मधात मधात अडकते.

फोटो काढले. पिवळा नंबर असा साफ आला का त्या साहेबाईनं फोनवर विचारलं, "बेटी, ये पीला किसने किया? बड़ी समझदारी की।" म्या म्हटलं, एका सहा वर्षाच्या पोरीनं, साहेब.

मंग वाट पाह्यली. दसरा गेला, दिवाळी गेली, आबाजी गावाले गेले. मी रोज ईमेल उघडत होती, चिऊ तोपर्यंत चालायले लागली, खोक्यात मावे नाई. डिसेंबरात एका दुपारी ईमेल आला अन् त्याच्या मागून पोस्टानं कागद. दुसऱ्या पलटणीचा जुना ऑर्डर सापडला होता, अन् त्यात तिन्ही मेडल. म्या आबाजीले फोन लावला, पण त्याईले आयकू कमी येते, तं आजीनं फोन घेतला. म्या म्हटलं, आजी, चढले, तिन्ही चढले वहीत. मंग आजी दूर कुणाले तरी वरडून राहिली होती, "आयकता का! तुम्ही तिथं होते म्हणते सरकार!"

सव्वीस जानेवारीले मी गेली. नवरा पण आला, चिऊले खांद्यावर घेऊन. फलकावर पहिल्या रांगेत एक जागा पांढऱ्या रंगानं मिटवली होती, अन् दुसऱ्या रांगेत खाली नवीन नाव, रंग अजून ओला. ज्यानं बाजाराचं म्हटलं होतं तो पण उभा होता, आबाजीनं त्याले जिलबी देल्ली. मले वाटलं काही टोमणा मारतील. फक्त म्हणाले, "खा बाबू, गरम आहे." रसोइयाच नं शेवटी.

माही चूक काही पुसल्या गेली नाई, हे पण लिहिते. ते दोन मेडल आता कोरेच आहेत, जन्मभर कोरेच राहतील. तेव्हापासून मी हमाल सोडून कोणाले घासून आणा म्हणत नाई. कोणी जुनी वस्तू आणली का पहिले विचारते, हे तुमाले किती सालापासून असंच आहे?

यंदा तान्ह्या पोळ्याच्या पहिले आबाजी अन् आजी दुकानात आले. बैलाचं शिंग सुताराकडून नवीन लावून आणलं होतं. अन् कपाळावर मेडल, त्याच दोन भोकाईत, आता बारीक तारेनं बांधलेलं, का काढता आलं पाहिजे.

मी घाबरली. "आबाजी, हे कायले? सदऱ्यावर लावा नं तुम्ही."

"पंधरा ऑगस्टले लावतो नं. वहीत चढलं आहे आता पोरी, ते कुठं जात नाई. बाकी दिवस इथंच बरं आहे, इथं त्याले राख लागत नाई." अन् चिऊच्या हातात दोरी देल्ली.

चिऊनं बैल ओढला, दुकानातून बाहेर, फुटपाथवर, ट्रकाईचा आवाज चालू. स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला, पाण्याची बाटली भेटली. संध्याकाळी बैल घरी आणला तं चाकाले चिखल, पायाले चिखल, कपाळावर गुलाल. मी ओला फडका घेतला. चाकं पुसले, पाय पुसले, नवीन शिंग पुसलं.

कपाळ तसंच ठेवलं.